परिषद झाली, शाल मिळाली, सहकार्य कुठाय?

परवा एका प्राध्यापकांनी लिहिलं, 'आमच्या आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषदेत परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार झाला, संशोधनाचं नवं पर्व सुरू!' सोबत समईचा फोटो. आमच्या कॉलेजातलं पर्व सहा वर्षांपूर्वी सुरू झालं. करार फ्रेम करून प्राचार्यांच्या केबिनमध्ये टांगलाय. तीन मेल केल्या, उत्तर शून्य. मग कळलं, सही करणारे गृहस्थ केव्हाच निवृत्त झालेत. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फायलीत करार अजून 'कार्यरत'.

खोडदचा वारा: सरसकट झोडपू नका. इन्प्टा बघा, पल्सारच्या (ठरावीक ठेक्यात रेडिओ ठोके देणाऱ्या मृत ताऱ्यांच्या) ठोक्यांतल्या फरकावरून गुरुत्वीय लहरी शोधणारा गट. त्यात पुण्याची रेडिओ खगोलशास्त्राची संस्था एनसीआरए, आयआयटी हैदराबाद, जपानचं कुमामोटो विद्यापीठ आणि इतर काही संस्था. डेटा आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा. जून २०२३मध्ये युरोपच्या गटासोबत नॅनोहर्ट्झ, म्हणजे एकेका हेलकाव्याला वर्षं घेणाऱ्या, गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडले. माणसं भेटल्याशिवाय होतं हे?

धागाकर्ता: तिथे मुळात दुर्बीण होती हो! ४५ मीटरच्या ३० अँटेना. वाटेतल्या आयनित वायूमुळे पल्सारचा संकेत किती रेंगाळतो, ते कमी फ्रिक्वेन्सीला नीट कळतं, म्हणून युरोपला आपला डेटा हवा होता. आमच्याकडे देण्यासारखं काय? शाल.

पाचगुणी: शालीचं सोडा, फीचं बोला. अडीच हजार भरले, सात मिनिटं मिळाली, प्रमाणपत्रावर आडनाव चुकलं. तरी गेलो, कारण बढतीसाठीच्या यूजीसीच्या २०१८च्या तक्त्यात देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पेपर वाचला की ५ गुण, राष्ट्रीयला ३. एक परदेशी पाहुणा झूमवर आणला की झाले ५!

माजी स्वयंसेवक: निदान तुम्हाला बोलायला तरी मिळालं. आम्ही एमएस्सीची पोरं दोन दिवस पार्किंगमध्ये. जेवायला गेलो तर बासुंदी संपलेली.

पाचगुणी: पार्किंगचे पैसे नव्हते ना द्यावे लागले? मग रडता कशाला?

माजी स्वयंसेवक: सर, तुमचीच गाडी लावली असेल मी. गुण तुम्हाला, ऊन आम्हाला.

निवृत्त मास्तरीण: भांडू नका रे. आमच्या वेळी अनोळखी शास्त्रज्ञाला पत्र टाकलं की उत्तराला दीड महिना. परिषदेत समोरासमोर विचारता यायचं, हे विसरू नका.

पाचगुणी: बाई, तेव्हा फी किती होती?

खोडदचा वारा: फीवरून हलाच आता. पीएचडीला असताना एका परिषदेत माझा चहा एका जपानी बाईंच्या कागदांवर सांडला. पुसता पुसता विषय निघाला, आठवड्यात त्यांनी आपला कोड पाठवला. दोन पेपर झाले. करार-बिरार काही नव्हता.

धागाकर्ता: म्हणजे माझंच म्हणणं! पण ठीक, तुमचा चहा मान्य. परिषद ठेवू. उद्घाटन, सत्कार, करार रद्द. फक्त दोन दिवस चहा.

पाचगुणी: चहा फीत धरलाय की वेगळा?