जांभळी किनार आणि यूव्ही फिल्टर

प्रश्न
५० मिमीची जुनी मॅन्युअल लेन्स मी अडॅप्टर लावून मिररलेस कॅमेऱ्यावर वापरतो. एफ/१.८ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र मोठे ठेवून, चित्रीकरण करताना उजळ आकाशासमोरच्या बारीक फांद्यांना जांभळी किनार येते. यूव्ही (अतिनील किरण अडवणाऱ्या) फिल्टरने ती कमी होते, असे काही जण सांगतात. त्यात कितपत तथ्य आहे?

प्रतिसाद १
साध्या यूव्ही फिल्टरकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. सेन्सरपुढे अतिनील व अवरक्त किरण अडवणारी काच बहुतेक कॅमेऱ्यांत मुळातच असते, आणि लेन्सच्या काचाही बराचसा अतिनील प्रकाश शोषून घेतात. आपल्याला दिसणारी किनार मुख्यतः ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दृश्य प्रकाशाची असते. तो इतर रंगांबरोबर एकाच प्रतलावर केंद्रित होत नाही, म्हणून कडेभोवती पसरतो, आणि साधा फिल्टर त्याला जवळजवळ जसाच्या तसा आत सोडतो. त्यापेक्षा अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) लहान करून एफ/४ वर पाहा.

प्रतिसाद २
बव्हंशी सहमत आहे, पण सगळे यूव्ही फिल्टर एका माळेचे मणी नाहीत. कोडॅकच्या रॅटन मालिकेतील २बी सुमारे ३९० नॅनोमीटरखालचा प्रकाश अडवतो, २ए ४०५ खालचा आणि २ई ४१५ खालचा. शेवटचे दोन दृश्य जांभळ्यातही थोडे शिरत असल्याने किनार काहीशी फिकी पडू शकते. नाहीशी मात्र होत नाही. त्यांची फिकट पिवळी झाक चित्रात उतरते, म्हणून व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा यासाठीची रंगजुळणी) फिल्टर लावूनच घ्यावा. ८ बिटच्या, म्हणजे रंगछटांच्या मोजक्या पायऱ्या असलेल्या, चित्रफितीत ही झाक नंतर काढणे त्रासाचे असते.

प्रश्नकर्ता
शटर १/५० सेकंद ठेवण्यासाठी एनडी (प्रकाश कमी करणारा करडा फिल्टर) आधीच लावलेला असतो, आणि एफ/४ वर पार्श्वभूमी हवी तितकी धूसर राहत नाही. एनडीवर आणखी एक फिल्टर चढवावा का?

प्रतिसाद ३
मी चढवणार नाही. प्रकाशाच्या दिशेने कॅमेरा धरला की दोन काचांमधली परावर्तने जांभळ्या किनारीपेक्षा जास्त खुपतात. एफ/२.८ वर तडजोड करा आणि एनडी सव्वा स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) हलका घ्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आकाश पूर्ण पांढरे जळू देऊ नका, कारण किनार सर्वांत ठळक दिसते ती जळालेल्या भागाच्या कडेला. शिवाय ४:२:० या चित्रफीत साठवण्याच्या पद्धतीत रंगाची माहिती आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना निम्मीच साठवली जात असल्याने, एकदा उमटलेली किनार शेजारच्या पिक्सेलांतही पसरते. उरलेली किनार संकलनात ह्यू व्हर्सेस सॅच्युरेशन वक्राने (निवडलेल्या एकाच रंगाची गडदता बदलणाऱ्या साधनाने) उतरवता येते, मात्र चौकटीत जांभळे कपडे किंवा फुले असतील तर आधी फांद्यांपुरता मास्क (बदल तेवढ्याच भागावर ठेवणारी निवड) काढावा, नाहीतर तीही राखाडी होतील.