मे महिन्यात एकट्यानं डोंगरात राहणं: जागा सांगावी की लपवावी?

रानभूल

परवा एका ग्रुपवर बेळगाव-गोवा वाटेवरच्या चोर्ल्याकडच्या एका सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, पहाटे काढलेला फोटो टाकला. तंबू, धुकं, मागं दरी. तासाभरात सतरा जणांचं एकच, "लोकेशन टाक की". मी टाकलं नाही. मग शिष्ट, शहाणा, "डोंगर काय तुझ्या बाचा हाय काय मर्दा" इथवर गेलं प्रकरण. म्हणून इथं सविस्तर लिहितो, काय ते तोंडावर बोला.

माझं म्हणणं साधं आहे. एकांताची जागा सांगायची नसते. सांगितली की ती एकांताची राहत नाही. जांबोटी भागातल्या एका धबधब्याचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. आधी पायवाट होती, मग रील आली, मग बाटल्यांच्या काचा.

जागा शोधायची कशी ते मात्र सांगतो. एप्रिलअखेर उपग्रहाचं चित्र उघडा. सगळा डोंगर तांबूस पडलेला असतो. त्यात जिथं गडद हिरवा ठिपका दिसतो तिथं पाणी असतं नाहीतर दाट सावली, पुष्कळदा दोन्ही. मग भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घ्यायचा, फुकट उतरवता येतो. उंचीच्या दोन रेषांत २० मीटरचा फरक; रेषा खेटून असतील तर कडा, लांब लांब गेल्या तर माळ. माळाची कड, हिरव्या ठिपक्यापासून पाव तासाच्या आत, आणि दोन किलोमीटरांत घर नाही, ही माझी जागा. ओढ्याच्या पात्रातली वाळू कितीही मऊ दिसली तरी तिथं झोपायचं नाही. वळीव वर कुठंतरी पडतो आणि पाणी आपल्या उशाला येतं.

दोन रात्रींना आठ लिटर पाणी मी पाठीवर नेतो. म्हणजे नुसतं पाणीच आठ किलो. चूल पेटवत नाही, सातूचं पीठ आणि गूळ.

आणि जायचं एकट्यानंच. दोघं गेले की गप्पा, तिघं गेले की रस्सा. कुणाला विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. गुपचूप जावं, गुपचूप यावं.

दुसरं_रेल्वे_गेट

तुला एकांत एवढा प्यारा तर फोटो कशाला टाकलास? जेवलास ते जेवलास, वर ढेकर ऐकवलास, आणि आम्ही "काय होतं जेवायला" विचारलं की आम्ही हावरट. तुझी पद्धत वाचली. नकाशा, रेषा, उपग्रह. म्हणजे ज्याला हे जमतं तोच लायक. माझ्यासारख्यानं शनिवारी दुकान बंद करून एक रात्र कुठं जायचं? राजहंसगडावर एकांत शोधायचा म्हणजे बेळगावच्या खडेबाजारात डुलकी काढायची.

खाकी_उतरवलेला

मी वनखात्यातून निवृत्त झालोय, म्हणून थोडं कोरडं बोलतो.

रानभूल, तुमच्या पद्धतीत एक रेष राहिली. अभयारण्याची हद्द. भीमगड डिसेंबर २०११ मध्ये अभयारण्य झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. त्याला लागून गोव्याच्या बाजूला म्हादई अभयारण्य. कणकुंबी, हेमाडगा, चोर्ला या पट्ट्यात तुम्हाला जे "घर नसलेलं" दिसतं त्यातलं बरंच या दोघांच्या आत येतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २७: परवान्याशिवाय आत जाता येत नाही. सार्वजनिक रस्त्यानं जाणं वेगळं, तंबू ठोकणं वेगळं. कलम ३० आगीबद्दल आहे. उपग्रहाच्या चित्रात ही हद्द दिसत नाही, म्हणून ती नसते असं नाही.

आग मी करत नाही म्हणता, चांगलं आहे. पण तुमच्या मागून येणारा करतो. मार्च २०२३ मध्ये म्हादईत वणवे लागले होते, आठवत असेल. वाळलेल्या गवतात विडीचं थोटूक पुरतं.

आणि भीमगडातल्या बारापेडेच्या गुहेत "गार वाटतं" म्हणून मुक्काम करणाऱ्यांनाही सांगून ठेवतो. तिथं राउटनचं वटवाघूळ राहतं. कित्येक दशकं हे वटवाघूळ जगात फक्त त्याच गुहांतून माहीत होतं. तिथं स्टोव्ह पेटवून चहा करण्यात काय मर्दुमकी?

राहायचंच असेल तर हेमाडग्याला खात्याची राहायची सोय आहे, रीतसर नोंदणी करा.

रानभूल

काका, हद्दीचं मान्य. माझ्या दोन जागा हद्दीबाहेर आहेत, एकीबद्दल आता शंका यायला लागली, तिथं जाणार नाही. पण खात्याच्या खोलीत, शेजारच्या खोलीतल्या कुटुंबाचं पोर रडताना ऐकत एकांत कसा मिळतो ते सांगा.

खाकी_उतरवलेला

कापूस घालून.

माळावरला

मी कणकुंबी भागातला. बेळगावला नोकरी, शनिवारी वस्तीच्या गाडीनं घरी. वाचून हसू आलं, मग राग आला, म्हणून लिहितोय.

तुमचा तो "गडद हिरवा ठिपका" म्हणजे आमची देवराई. तिथं आम्ही पायताण काढून जातो. पडलेली वाळकी काटकीसुद्धा घरी आणत नाही. तिच्या खालच्या अंगाला झरा. मे महिन्यात झरा म्हणजे काय, तर कळशी बुडत नाही, वाटीनं भरायची. एक कळशी भरायला पंधरा-वीस मिनिटं. माझी आई पहाटे चारला जाऊन नंबर लावते. गेल्या मेमध्ये कुणीतरी तिथं नूडल्सचं भांडं साबणानं धुतलं. फेस खालच्या डबक्यात दोन दिवस होता. म्हशी तोंड लावेनात. दोन दिवस आम्ही म्हशींना पाणी डोक्यावरून वाहिलं.

तो माणूस तुम्हीच असं मी म्हणत नाही. पण तोही गुपचूप आला होता आणि गुपचूप गेला.

एक विचारतो. आठ लिटर पाणी पाठीवर नेता म्हणता, मग पाण्याचा ठिपका कशाला हुडकता?

दुसरं. रात्री डोंगरावर उजेड हलताना दिसला की आमच्याकडं दोनच अर्थ: वणवा नाहीतर शिकारी. दोन्हीला माणसं काठ्या घेऊनच येतात. आणि मेमध्ये अस्वल करवंदांना, जांभळांना येतं. त्याला लांबचं धड दिसत नाही, अचानक समोरासमोर झालं की ते पळत नाही, अंगावर येतं. तुम्ही कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला हुडकायला कोण आणि कुठं येणार? इथल्या रानात आत असलेल्या आमगावच्या आजारी माणसाला पावसाळ्यात खांद्यावरून रस्त्याला आणावं लागतं, तेही सगळ्या गावाला ठाऊक असताना.

रानभूल

ठिपका सावलीसाठी. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी आंघोळीसाठी. साबण नाही लावला कधी, पण आंघोळ केलीय. नंबर लागतो हे माहीत नव्हतं.

गडवाट_चंदगड

अरे भांडता कशाला, सीमा ओलांडा की. शिनोळीच्या पुढं महाराष्ट्रातला चंदगड तालुका. पारगड, कलानिधीगड, महिपालगड. परवान्याची कटकट कमी, तटावर झोपा, वारा असा की मेमध्ये पांघरूण लागतं.

माळावरला

पारगडावर तानाजी मालुसऱ्यांचे वंशज आजही घर करून आहेत. महिपालगडावर तर गावच आहे. तुम्ही तटावर झोपणार म्हणजे कुणाच्या तरी परड्यात झोपणार. विचारून झोपा म्हणजे झालं.

गडवाट_चंदगड

विचारतोच मी. भाकरी पण खातो त्यांच्यातच.

करवंदाची_जाळी

"गावात सांगून जा" हे पुरुषांना सोपं आहे. मी बाई आहे आणि गेली चार वर्षं एकटी जाते, म्हणून वेगळं मत आहे.

पहिल्या वेळी सगळ्यांनी सांगितलं तसंच केलं. थांब्यावरच्या चहाच्या टपरीवर विचारलं, अमुक माळावर राहिलं तर चालेल का. टपरीवर आठ माणसं. संध्याकाळपर्यंत मोटारसायकलवरून तिघं "काही लागलं तर सांगा मॅडम" म्हणायला आले, त्यातला एक रात्री साडेनऊला परत आला. वाईट काही झालं नाही. पण मी रात्रभर तंबूची चेन धरून बसले. हा एकांत?

म्हणजे रानभूल म्हणतात तसं कुणालाच सांगू नये का? तसंही नाही. आता मी गावाला सांगत नाही, एका घराला सांगते. आणि घर निवडताना दारात पाणी भरणारी, तांदूळ निवडणारी मावशी असेल असं. तिथं बसते, ताक पिते, अर्धा तास जातो. मग विचारते. "माळावर नको, तिथं गवे उतरतात, आमच्या काजूच्या बागेत टाक" असं उत्तर येतं, आणि ती जागा नकाशावरच्या कुठल्याही ठिपक्यापेक्षा बरी निघते. काजूची बाग रात्री रिकामी असते, कुंपण असतं, हाक मारली तर घरात ऐकू जाते. सकाळी आपल्या डोळ्यांसमोर डोंगर तोच असतो.

जागेचं नाव मी सांगणार नाही. पण ते जागेसाठी नव्हे, मावशीसाठी.

दुसरं_रेल्वे_गेट

ताई, हे पटलं. पण मग हा एकांत नाही, पाहुणचार झाला.

करवंदाची_जाळी

रात्री आठ ते सकाळी सहा माझ्याशी कुणी बोललं नाही. तुमच्या घरात दहा तास असे मिळतात?

दुसरं_रेल्वे_गेट

दहा मिनिटं मिळत नाहीत, ओ.

औषधाची_पुडी

दवाखान्यात काम करते म्हणून एक मुद्दा. उन्हाळा आणि हीच डोंगररांग म्हटलं की आम्हाला आधी माकडताप आठवतो. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरला १९५७ मध्ये हा सापडला, पण लांबचा नाही राहिला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीला आणि २०१६ मध्ये दोडामार्गला त्याची साथ आली. म्हणजे आपल्या घाटाच्या पायथ्याला. गोचिडीतून येतो आणि गोचिडीची बारकी पिल्लं कोरड्या महिन्यांत, साधारण डिसेंबर ते मे, जास्त असतात. पाल्याच्या गादीवर सतरंजी टाकून "आहाहा" करणाऱ्यांना ती बारकी गोचीड दिसतसुद्धा नाही, खसखशीएवढी असते. पायमोज्यात विजार खोचा, पाल्यावर बसू नका, रात्री काखा-जांघा तपासा. मेलेलं माकड दिसलं तर तिथं थांबू नका, आरोग्य केंद्रात कळवा. घरी आल्यावर आठवडाभरात जोराचा ताप आणि डोकं-अंग फुटल्यासारखं दुखलं तर डॉक्टरांना "रानात राहिलो होतो" हे आधी सांगा. गुपचूप जाणारे नेमकं हेच सांगत नाहीत.

खाकी_उतरवलेला

चांगलं सांगितलंत. विजेचं राहिलं. मेमध्ये दुपारी तीननंतर ढग चढतात. मोकळ्या सड्यावर सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे तुम्ही आणि तुमच्या तंबूची काठी. चमक दिसल्यापासून मोजायला लागा, ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वीज १० किलोमीटरांच्या आत आहे. सड्यावरून उतरा. एकट्या झाडाखाली नाही, खाली दाट झाडीत. तंबू राहू द्या तिथंच.

रानभूल

हे मी चुकलोय. दोन वर्षांपूर्वी असाच सड्यावर होतो. चार वाजता पश्चिमेकडून काळं झालं, मी म्हटलं बघू तरी. केस उभे राहिले अंगावरचे, खरोखरचे उभे, आणि डोक्यात मुंग्या आल्यासारखं. पळालो तो चपला न घालता. जांभ्यावर तळवे सोलून निघाले. वीज कुठं पडली माहीत नाही, सकाळी तंबू कारवीत अडकलेला सापडला. फोन बघितला तर आधी गोव्याचा स्वागताचा मेसेज, मग महाराष्ट्राचा. रेंज एकाचीही नाही.

तरीपण माझा मूळ मुद्दा मागं घेत नाही. जागा जाहीर सांगू नये. माळावरल्यांचं वाचून उलट तो पक्का झाला. सतरा जणांना लोकेशन दिलं असतं तर त्यांच्या आईचा नंबर किती वाजता लागला असता? बदल एवढाच की "कुणाला विचारू नये" हे खोडतो.

दुसरं_रेल्वे_गेट

म्हणजे पुन्हा आम्ही बाहेरच. ज्याची मावशीशी ओळख तो आत.

माळावरला

ओळख लागत नाही ओ, वेळ लागतो. तुम्ही सातला येणार, आठला तंबू, नऊला फोटो. दुकान बंद करून दुपारच्या गाडीनं या की.

तसं भीमगडाच्या आतलं एक सांगायचं राहिलं. तळेवाडीची कुटुंबं अभयारण्यातून बाहेर हलवली. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं बाहेर, आणि शहरातला माणूस तंबू घेऊन आत एकांत हुडकतोय. मला यात चूक कोण ते नीट सांगता येत नाही. पण रिकामी दिसणारी जागा बघितली की मला आधी तिथून कोण गेलं ते आठवतं.

रानभूल

यावर बोलायला माझ्याकडं काही नाही.

मे महिन्यात येऊ का तुमच्याकडं? दोन रात्री. झऱ्याकडं जाणार नाही, पाणी माझं.

माळावरला

या. २० तारखेच्या आत या, रोहिणीला धूळवाफ पेरणी सुरू झाली की घरात माणूस नसतं आणि खळ्यावर जागा नसते. खळ्याच्या वरच्या अंगाला फणस आहे, त्याच्या खाली नको, पिकलेला फणस रात्री पडतो. बाजूला सपाट आहे. फोटो काढा, पण घर येऊ देऊ नका त्यात.

येताना बॅटरीचे चार मोठे सेल आणा. इथल्या दुकानात बारकेच मिळतात.