मार्केटिंगच्या मुलाखतीला जाताना तुम्ही नेमकी काय तयारी केली होती?

पौडफाटा
भाचीचं एमबीए झालंय आणि पुण्यातच मुलाखती सुरू आहेत. फोर पी (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) पाठ आहेत, कोटलरचं मार्केटिंगचं पाठ्यपुस्तक वाचून झालंय, तरी घरातून निघताना पोटात गोळा येतोच. इथे मार्केटिंगमधली बरीच मंडळी आहेत. मुलाखत दिलेल्यांनी लिहा, घेणाऱ्यांनीही लिहा. ‘आत्मविश्वास बाळग’, ‘इस्त्रीचे कपडे घाल’ हे तिची आजी सांगतेच आहे; त्याच्या पुढचं हवंय.

पायपीट
माझी पहिली नोकरी खाऊच्या कंपनीत होती. वेबसाइट तर सगळेच वाचून जातात, म्हणून मी शुक्रवार पेठेतली किराणा दुकानं आणि औंधातली सुपरमार्केटं पालथी घातली. वेळ सांभाळायची. दुपारी एक ते चार अर्थातच नाही, आणि सकाळी माल उतरत असतानाही नाही. चारनंतर दुकान नुकतं उघडलेलं असतं, गिऱ्हाईक कमी, तेव्हा दुकानदार बोलतो. आधी एक पुडा विकत घ्यायचा, मग विचारायचं, “काका, हा माल कसा जातो?”

एका काकांनी सरळ बोट दाखवलं. कंपनीचे मोठे पुडे मागच्या फळीवर, वर धूळ. दुसऱ्या कंपनीची दहा रुपयांची पाकिटं पुढे माळेत लटकलेली. “पोरं माळेला हात घालतात. मागचं कोण मागतंय? आणि तारीख उलटलेला माल तुमचा माणूस परत नेत नाही.” मी अजून त्यांची ‘माणूस’ झालेही नव्हते! मुलाखतीत ‘आमच्या ब्रँडबद्दल काय वाटतं’ असं विचारलं, तेव्हा हेच सांगितलं. पुढची सगळी मुलाखत छोटं पाकीट काढावं का, काढलं तर मोठ्या पुड्याची विक्री मार खाईल का, यावरच झाली.

एक मात्र जपा. चार दुकानं पाहून ‘पुण्यात तुमचा माल चालत नाही’ असं ठोकून देऊ नका. ‘मी पाहिलेल्या दुकानांत’ म्हणा. डिस्ट्रिब्युटरला तर मुळीच नावं ठेवू नका, त्याला नेमणारा साहेब समोर बसलेला असतो.

आकडेमोड
डिजिटलवाल्यांसाठी. रेझ्युमेवर जो आकडा लिहाल, त्याची सात पिढ्यांची माहिती हवी. समजा जाहिरात ५०,००० वेळा दिसली, १,००० क्लिक आले, म्हणजे सीटीआर (दिसण्याच्या तुलनेत क्लिकचं प्रमाण) २ टक्के. खर्च २०,००० रुपये, चौकशा ४०, म्हणजे एका चौकशीला ५०० रुपये. त्यातले चार जण ग्राहक झाले, तर एक ग्राहक ५,००० रुपयांना पडला. उमेदवार इथे थांबतो आणि मी इथून पुढे विचारते: एका विक्रीत कंपनीला ३,००० च सुटत असतील, तर मोहीम चालू ठेवायची का? ‘ग्राहक परत येतो का ते आधी बघावं लागेल’ असं म्हणणारा माणूस मला चालतो. टूलांची यादी वाचणारा नाही.

मुलाखतीआधी मेटाची (फेसबुक-इन्स्टावाली कंपनी) अ‍ॅड लायब्ररी उघडा. फुकट आहे, आणि कंपनीच्या व तिच्या स्पर्धकांच्या सध्या चालू असलेल्या जाहिराती तिथे दिसतात.

भोसरी एमआयडीसी
सगळे साबण-बिस्किटांवरच बोलताहेत म्हणून लिहितो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणला मार्केटिंगच्या भरपूर जागा पंप, व्हॉल्व्ह, मशीन टूल विकणाऱ्या कारखान्यांत असतात. तिथे ‘इन्स्टावर रील करू’ म्हणाल तर चहा मिळेल, ऑफर नाही. आमचं मशीन एक माणूस घेत नाही. प्रॉडक्शनवाल्याला वेग हवा, मेंटेनन्सवाल्याला स्पेअर वेळेत हवेत, परचेसवाला भाव पाडतो आणि सही मालकाची. मी उमेदवारासमोर ब्रोशर ठेवतो आणि यातलं कोणतं पान कोणाला दाखवशील, एवढंच विचारतो. बाकी प्रश्न नावापुरते.

अभ्यासिकेतली
मराठी माध्यम, इंग्रजीची धास्ती. उत्तरं पाठ करणं सोडलं. अभ्यासिकेच्या गच्चीवर जाऊन फोनवर स्वतःला रेकॉर्ड करायचे आणि ऐकायचे. ऐकताना कळलं, इंग्रजीपेक्षा पाल्हाळ जास्त होतं. मग प्रत्येक प्रसंग एकाच क्रमाने बसवला: अडचण काय होती, मी काय केलं, त्यानं काय झालं. ‘आम्ही केलं’च्या जागी ‘मी केलं’ म्हणायला जीभ वळेना, त्याला सगळ्यात जास्त सराव लागला.

आकुर्डी लोकल
‘आवडता ब्रँड?’ या प्रश्नाला सगळे परदेशी बूट आणि फोन सांगतात. जवळचं सांगा. बजाजची चेतक स्कूटर १९७२ ची, पुढे बंद पडली, २०२० च्या जानेवारीत इलेक्ट्रिक होऊन परत आली, तेव्हा किंमत १ लाखापासून, आणि विक्री आधी पुणे-बंगळुरूतच. नाव जुनंच का ठेवलं? आठवण वडिलांची, पण पैसे कोण देणार? आधी दोनच शहरं का? स्वतःचं उत्तर तयार ठेवा. चुकलं तरी चालतं, दुसऱ्याचं नको.

पौडफाटा
भारी! भाची उद्या दुकानं हिंडणार आहे. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हणाले तर काय विचारायचं?

भोसरी एमआयडीसी
‘सहा महिन्यांनी माझं काम कशावरून जोखाल?’ असं विचारायला सांगा. आणि ऑफर आलीच, तर सीटीसीत (वर्षाच्या एकूण पॅकेजमध्ये) व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग, किती आणि ते कोणत्या टार्गेटवर मिळतं, हे लेखी मागून घ्या.