अजून कुणाला सांगितलं नाहीये: सुरुवातीचे महिने आणि बाळंतपणाचे बेत

कोवळं_ऊन

कालपर्यंत आवडणारा साबण आज सकाळी हातात घेतला आणि पोटात ढवळून आलं. साबण तोच, बाथरूम तेच. एकदम पहिल्या वेळचं सगळं आठवलं. तेव्हाही पहिली खूण वासानेच दिली होती, टेस्ट करायच्या आधीच.

तर हो, दुसऱ्यांदा. सातवा आठवडा. नवरा सोडून कुणाला माहीत नाही.

पहिल्या वेळी मला खरा जाच झाला तो मळमळीचा नाही, गप्प बसण्याचा. तीन महिने होईपर्यंत बोलायचं नाही असं ज्याने त्याने बजावलं होतं. पण अंगातलं सगळं त्राण जातं ते त्याच तीन महिन्यांत! पोट दिसत नाही, म्हणून कुणी उठून जागा देत नाही. कामावर डोळे मिटायला लागले तरी कारण सांगता येत नाही. पुढे पोट दिसायला लागल्यावर सगळे हातातली पिशवी काढून घेत होते, आणि तेव्हा मला चांगली तरतरी आली होती. काळजीची वेळ सगळ्यांची चुकते असं माझं ठाम मत आहे.

दुसरं म्हणजे बाळंतपणाचे बेत. मागच्या वेळी जे विचारलं ते कळा सुरू झाल्यावर. दोन कळांच्या मधे कागदावर सह्या. वेदना कमी करायचं इंजेक्शन हवं का, सोबत कोण थांबणार, सगळं तेव्हाच. त्या वेळी कुणाला विचार करता येतो? या वेळी एक पान आधीच लिहून डॉक्टरांशी बोलायचं ठरवलंय.

तुमचं सांगा. कितवाही आठवडा असो, बाळंतपण होऊन गेलेलं असो, आणि ज्यांचं राहिलं नाही त्यांनीही. इथे तीन महिन्यांची अट नाही.

---

दुपारची_झोप

सहावा!!! मला वाटलं मीच एकटी. दुसरी रेघ इतकी फिकट होती की खिडकीपाशी नेऊन नवऱ्याला दाखवली. तो म्हणे मला दिसत नाही. मला दिसत होती!

---

शेवाळी

फिकट असली तरी रेघ ती रेघच. सुरुवातीला एचसीजी (गर्भ राहिल्यावर बनणारं संप्रेरक, टेस्ट तेच पकडते) दोन-तीन दिवसांत दुप्पट होत जातं, म्हणून दोन दिवस थांबून सकाळच्या पहिल्या लघवीवर केली की गडद येते. अभिनंदन गं.

---

रिकामी_वही

मला कुणीतरी गणित समजवा. पाळी चुकून जेमतेम आठवडा झाला आणि डॉक्टर म्हणतात पाच आठवडे झाले. सासूबाई बोटं मोजतायत.

---

शेवाळी

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणून. म्हणजे पहिले दोन आठवडे गर्भ नसतोच, तरी धरायचे. एकूण ४० आठवडे, २८० दिवस. पाळी २८ दिवसांची नसेल तर पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीत बाळाची लांबी मोजून तारीख दुरुस्त करतात, आणि ती जास्त भरवशाची. सासूबाईंना सांगा, बोटं बरोबर आहेत, मोजणीच वेगळी आहे.

आणि त्या तारखेला अगदी नेमकी प्रसूती फार थोड्या जणींची होते, शंभरात पाचेक. तेव्हा तारीख सगळ्यांना सांगू नका, 'अमुक महिन्याच्या शेवटी' म्हणा. नाहीतर फोन सुरू होतात, झालं का झालं का.

---

पाण्यावरची_रेघ

मळमळीचं मी लिहिते, कारण 'होतंच की सगळ्यांना' हे वाक्य मी पुष्कळ ऐकलंय.

सगळ्यांना होतं ते वेगळं. मला पाणीसुद्धा टिकत नव्हतं. पाण्याचा घोट गेला की तो परत, मग पिवळं, मग कोरड्या उलट्या. आईने समजूत घातली, मैत्रिणीने आलं चघळायला सांगितलं, ऑफिसात एकीने सांगितलं की मन रमव. लघवी दिवसातून एकदा, गडद. शेवटी नणंद आली, माझे ओठ बघितले आणि काही न बोलता गाडी काढली. लघवीत कीटोन (अन्न टिकत नाही म्हणून शरीर चरबी जाळतंय याची खूण), वजन उतरलेलं, लगेच सलाईन. तेव्हा कळलं की याला हायपरएमेसिस म्हणतात, आणि उपाय असतो. बी-६ आणि डॉक्सिलामिनच्या गोळ्या सुरू झाल्या. उलट्या थांबल्या नाहीत, पण पाणी टिकायला लागलं. तेवढ्यानेही मी रडले.

२०२३ मध्ये 'नेचर'मध्ये यावर संशोधन आलंय. जीडीएफ-१५ नावाचं एक संप्रेरक बाळ आणि वार मिळून बनवतात, आणि ज्या बाईच्या शरीराला आधीपासून त्याची सवय कमी, तिला त्रास जास्त. मी ते नवऱ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मनाचे खेळ नव्हते हो माझे!

कुणाला आठ तास लघवी झाली नसेल, पाणी चोवीस तास टिकत नसेल, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आल्याचा तुकडा आणि सल्ले बाजूला ठेवून दवाखान्यात जा.

बाकी आता विसावा आठवडा. बरीच बरी आहे. साबणाचा वास अजून नको वाटतो कोवळं_ऊन, बिनवासाचा आणा.

---

कोवळं_ऊन

आणलाच. आणि तुमच्या नणंदेला माझा नमस्कार सांगा.

---

दुपारची_झोप

मला मळमळ काहीच नाही, नुसती झोप. हे पण बरोबर ना? की काळजी करू?

---

पाण्यावरची_रेघ

बरोबर गं. मळमळ साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते आणि काही जणींना होतच नाही. झोप येते ती प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे. झोप निवांत.

---

तळ्याकाठी

राहिलं नाही त्यांनीही लिहा म्हणालात म्हणून लिहितेय. नाहीतर अशा ठिकाणी मी वाचून निघून जाते.

दहाव्या आठवड्यात सोनोग्राफी. बाई पडदा आपल्याकडे वळवून बघत होत्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, वाढ आठव्या आठवड्यातच थांबली आहे, ठोके नाहीत. मला रक्तस्राव नाही, दुखणं नाही, मळमळ चालूच. माझ्या शरीराला कळलंच नव्हतं.

त्यानंतर प्रत्येकाने कारण शोधलं. प्रवास केला म्हणून, जिना चढली म्हणून, कपाट सरकवलं म्हणून. कुणी तोंडावर, कुणी मागे. डॉक्टरांनी मला आणि आईला समोर बसवून सांगितलं की सुरुवातीला जे गर्भ पडतात त्यातले निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांच्या गडबडीमुळे. कपाटाने काही होत नाही. कळलेल्या गर्भारपणांपैकी १० ते २० टक्के असे संपतात, म्हणजे आपल्या ओळखीत कितीतरी जणी असणार. आणि खरंच, मी सांगितल्यावर चुलत बहिणीने सांगितलं, मग शेजारच्या काकूंनी, मग माझ्या स्वतःच्या आईने. माझ्या आधी तिचंही एक गेलं होतं! मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

म्हणून त्या 'तीन महिने गप्प'बद्दल माझंही तेच म्हणणं. ज्यांच्यापाशी रडता येईल अशा दोघीतिघींना तरी पहिल्या दिवसापासून सांगा.

आता पुन्हा आहे. आठवा सुरू आहे, तोच आठवडा. बाथरूमला गेले की आधी रक्त आहे का बघते. दर वेळी.

---

शेवाळी

तळ्याकाठी 🙏 मिठी. आज काही सल्ला नाही.

---

चांदणवेल

मीही बघायचे. बाळ हातात येईपर्यंत बघत होते. तू लिहीत राहा इथे, रोज लिहिलंस तरी चालेल.

---

वळीव

घाईत लिहितेय, मुलगी उठेल. एका बाजूला ओटीपोटात दुखणं + थोडं रक्त + खांद्याच्या टोकाला दुखणं किंवा चक्कर, हे दिसलं तर सकाळची वाट बघू नका. माझा गर्भ नळीत राहिला होता. खांदा अवघडला असेल म्हणून घरचे मलम लावत होते. आतल्या रक्तस्रावाने खांदा दुखतो. माझ्या धाकट्या जावेने नेलं म्हणून वाचले. नंतर एका नळीवर ही मुलगी झाली, तेही सांगते म्हणजे कुणी घाबरून बसायला नको. उठली, जाते.

---

रिकामी_वही

बापरे. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

कुणाचा रक्तगट निगेटिव्ह आहे का? माझा आहे, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. फाइलवर लाल पेनने लिहिलंय, भीती वाटते.

---

चांदणवेल

माझा ओ निगेटिव्ह, मुलं दोन, दोघंही धडधाकट. २८ व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डीचं इंजेक्शन (बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध आपल्या शरीराने प्रतिपिंडं बनवू नयेत म्हणून) आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत दुसरं. मधे कधी रक्तस्राव झाला, पोटावर पडलीस, तर लगेच फोन करून विचारायचं की आत्ता लागेल का. लाल पेन चांगलंच, घाईत कुणाच्या नजरेतून सुटत नाही.

---

जुनी_खिडकी

बेतांचं कुणी लिहीतच नाही, मी लिहिते. पहिलं सिझेरियन, आता ३१ वा आठवडा, आणि मला कळा देऊन बघायच्या आहेत. सगळे म्हणतात एकदा कापलं की कायम कापायचं. माझ्या डॉक्टर तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी आधी मागचे कागद मागितले. गर्भपिशवीवरची चीर आडवी आणि खालच्या भागात आहे का, हे त्यांना हवं होतं. (पोटावरच्या कातडीचा टाका बघून ते कळत नाही, हे मला नवं होतं.) एका सिझेरियननंतर प्रयत्न करणाऱ्या चौघींपैकी साधारण तिघींना जमतं. जुना टाका उकलण्याचा धोका २०० मध्ये १ च्या आसपास. कमी आहे, पण झालं तर गंभीर, म्हणून बाळाचे ठोके सतत बघणार आणि ऑपरेशनची तयारी तिथेच असणार, तरच हो म्हणाल्या.

माझं पान असं: सोबत बहीण. नवरा चांगला आहे, पण मला कळा आल्या की तो माझ्यापेक्षा जास्त घाबरतो, बहीण मला उठवून चालायला लावते. उताणं झोपवून ठेवू नका, चालू द्या. गरज नसेल तर खाली चीर नको. नाळ निदान मिनिटभर थांबून कापा. बाळ पुसून आधी माझ्या छातीवर. आणि सगळ्यात खाली, पुन्हा सिझेरियन करावं लागलं तर: भूल शक्यतो कमरेतून, पडदा थोडा खाली, आणि बाळ ठीक असेल तर तिथेच माझ्या गालाला लावा. हा शेवटचा भाग लिहायला सगळ्यात वेळ लागला आणि लिहिल्यावरच मला झोप लागली.

---

कोवळं_ऊन

हेच हवं होतं मला. खालचा भाग मी तुमचा उचलणार.

---

नातवंडांची_आजी

मुली लिहितायत म्हणून मीपण लिहिते. टायपिंगला वेळ लागतो.

आमच्या वेळी आत कुणाला घेत नसत. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. ओरडले की रागावत. रात्री एक आया आली, तिने न विचारता कंबर चोळली. नाव विचारायचं राहिलं. तेवढीच माणुसकी त्या रात्रीची.

सुनेच्या वेळी मी आत होते. सुनेनेच सांगितलं होतं, आई मला तुम्ही हव्यात. मला वाटलं तिची आई असेल, पण तिने माझं नाव घेतलं. पहाटेपर्यंत कंबर चोळली. माझा हात दुखला पण मी सोडला नाही.

---

दुपारची_झोप

आजी 😭😭 ऑफिसात रडवलंत.

---

शेवाळी

आजींचं वाचून सांगते, कुणाला डॉक्टरांशी बोलायचं असेल तर उपयोग होईल. बाईला हवी ती व्यक्ती प्रसूतीच्या वेळी सोबत असावी असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये लिहून ठेवलंय. सरसकट चीर देऊ नये, सरसकट एनिमा आणि केस काढणं नको, हेही त्यातच आहे. पिशवीचं तोंड ५ सेंमी उघडेपर्यंत कळांचा जोराचा टप्पा सुरू झाला असं धरत नाहीत, म्हणून 'किती वेळ लावतेयस' असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका.

---

पानगळ

मला कळा नकोतच. आधीच सांगते, समजूत घालू नका. प्रसूतीच्या विचाराने रात्री दरदरून घाम फुटतो, गरोदर राहायच्या आधीपासून. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी समुपदेशकांकडे पाठवलं, चार गोष्टी बोलून झाल्यावर ठरवलं सिझेरियन. माझा बेत तोच आहे. आता कुठे पोटावर हात ठेवून बाळाचा विचार करता येतो, आधी येत नव्हता.

---

जुनी_खिडकी

पानगळ, समजूत कशाला घालू. तुझं ठरलं हे किती छान. नाळ आणि छातीवर बाळ हे सिझेरियनलाही मागता येतं, तेवढं विचारून घे.

---

पानगळ

थँक यू. विचारते. खरंच वाटलं होतं कुणीतरी ऐकवेल.

---

तळ्याकाठी

मी आले परत. उद्या सकाळी स्कॅन आहे. रात्री झोप येणार नाही, त्यापेक्षा इथे विचारते. पाणी पिऊन जायचं की नाही? मागच्या वेळचं काही आठवत नाही.

---

चांदणवेल

पोटावरून करणार असतील तर मूत्राशय थोडं भरलेलं हवं, आतून करणार असतील तर रिकामं. आठव्या आठवड्यात बऱ्याचदा आतून करतात. सकाळी फोन करून विचार. सोबत कोण आहे?

---

तळ्याकाठी

आई. तिला पहिल्याच दिवशी सांगितलं या वेळी.

---

चांदणवेल

मग झालं. पडदा तुझ्याकडे वळवायला सांग आधीच, बघायचं असेल तर. नसेल बघायचं तर तेही सांग. मी सकाळी जागीच असते, धाकट्याची शाळा.

---

तळ्याकाठी

बघायचं आहे. बाटली घेऊन जाते, तिथे विचारून पिते.