ऑफिसचा पीसी विंडोजच्या गोल ठिपक्यांवर अडकतो, फॉरमॅट मारायचा का?

रिटर्नवाली_चिपळूण
नमस्कार मंडळी, टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसमध्ये आहे मी, चिपळूणला. आमचा मेन डेस्कटॉप सकाळी चालू करताना अडकून बसतोय. कंपनीचा लोगो येतो, मग विंडोजचे गोल फिरणारे ठिपके येतात आणि थोडं फिरून तिथेच थांबतात, कीबोर्ड माउस काही चालत नाही. पॉवर बटण दाबून धरून बंद करून परत चालू केला तर कधी येतो कधी नाही, आणि आला तरी डेस्कटॉप दिसायला इतका वेळ लागतो की तोवर क्लायंट येऊन बसलेला असतो. असेंबल्ड मशीन आहे, आय३ सहावी जनरेशन, ४ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. पावसात लाइटचं काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे, यूपीएस आहे पण बॅटरी कमकुवत झालीय.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा याच मशीनवर आहे, बाहेर काढलेला बॅकअप मार्चचा. २० तारखेला थ्रीबी, म्हणजे जीएसटीची रिटर्नं, भरायच्या आहेत. दुरुस्तीवाला म्हणतो मशीन आणून टाका, फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा. सर पण तयार झालेत. मला भीती वाटतेय म्हणून विचारते, फॉरमॅट मारायचा का?

पावसाळी_हार्डवेअर
ताई आधी रॅम काढून खोडरबरने तिचे सोनेरी पाय घासा आणि परत नीट बसवा, क्लिक आवाज येईपर्यंत. कोकणात जून ते सप्टेंबर दमट हवेने काँटॅक्टवर थर बसतो, माझ्याकडे निम्मी मशीनं एवढ्यावरच चालू होतात. पॉवर केबल काढूनच हात घाला, आणि केबल काढल्यावर एकदा पॉवर बटण दाबून धरा म्हणजे आतली राहिलेली वीज निघून जाते.

बूटसेक्टर_सांगली
फॉरमॅट मारायला देऊ नका. निदान डेटा बाहेर पडेपर्यंत तरी नको, सरांना माझा मेसेज दाखवा हवं तर.

वरच्या दादांचं रॅमचं म्हणणं खरं आहे पण ते बहुतेक वेळा डिस्प्लेच येत नाही किंवा बीप वाजतात तेव्हा. तुमचा लोगो येतोय, ठिपके येतायत. पीसी कुठे अडकतो यावरून निम्मं निदान होतं. कंपनीच्या लोगोवरच अडकला तर मदरबोर्ड, रॅम किंवा मागे लावलेलं एखादं यूएसबी उपकरण, कारण त्या वेळी विंडोज सुरूच झालेलं नसतं. ठिपक्यांवर अडकला तर विंडोज डिस्कवरून स्वतःच्या फायली आणि ड्रायव्हर उचलत असतं, म्हणजे एक तर ड्रायव्हर बिघडलाय किंवा डिस्क ती फाइल देत नाहीये. पासवर्ड टाकल्यावर अडकला तर सोबत सुरू होणारे प्रोग्रॅम, अँटिव्हायरस वगैरे.

आता मला एवढं सांगा. ठिपके थांबतात तेव्हा कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहतो, लुकलुकतो की बंद असतो? कॅबिनेटला कान लावून टिक... टिक... असा ठरावीक अंतराने आवाज येतो का? मागून प्रिंटर, पेन ड्राइव्ह, डीएससी (डिजिटल सहीचं) टोकन सगळं काढून फक्त कीबोर्ड माउस ठेवून चालू केला तर फरक पडतो का? आणि ठिपक्यांवर अडकला की लगेच पॉवर बटण दाबू नका, चालू ठेवून तुमची दुसरी कामं करा, शेवटी डेस्कटॉप येतो का बघा. शेवटी येत असेल तर तेही एक उत्तरच आहे.

क्लिक_अँड_फिक्स
यात एवढं काय, फास्ट स्टार्टअप बंद करा. विंडोज १० मध्ये शटडाउन केलं तरी मशीन पूर्ण बंद होत नाही, सिस्टिमचा काही भाग डिस्कवर फाइलमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलतं, ती फाइल खराब झाली की सकाळी अडकणारच. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटण काय करतं ते निवडा, तिथे टिक काढा. आणि नंतर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून चेकडिस्क स्लॅश आर ही डिस्क तपासणारी कमांड मारा, बॅड सेक्टर म्हणजे डिस्कवरचे खराब तुकडे असतील तर शोधून बाजूला टाकेल, काम तमाम.

रिटर्नवाली_चिपळूण
सगळ्यांचे आभार, आज लवकर येऊन बघितलं. प्रिंटर, टोकन सगळं काढलं, काही फरक नाही. रॅम पण घासली, तसंच. दिवा सतत पेटलेला राहतो, अजिबात लुकलुकत नाही, आणि हो, बारीक टिक टिक येते, मला आधी पंखा वाटला होता. बटण न दाबता चालू ठेवला तर बराच वेळाने आपोआप डेस्कटॉप आला. रीस्टार्ट केलं तरी परत तसंच. चेकडिस्क लावू का आता?

बूटसेक्टर_सांगली
नको!! चेकडिस्क स्लॅश आर अजिबात लावू नका आत्ता.

रीस्टार्ट करून पण अडकतोय म्हणजे फास्ट स्टार्टअपचा विषय संपला, कारण रीस्टार्टमध्ये विंडोज ती जतन केलेली फाइल वापरतच नाही, पहिल्यापासून सगळं लोड करतं. क्लिकभाऊंचा सल्ला एरवी बरोबर आहे, इथे लागू नाही.

सतत पेटलेला दिवा, टिकटिक आणि बराच वेळाने का होईना पण चालू होणं, हे तीन एकत्र आले की माझा पहिला संशय डिस्कवर. एखादा सेक्टर वाचता येत नसला की डिस्क तोच सेक्टर परत परत वाचायला जाते, विंडोज बिचारं उत्तराची वाट बघत थांबतं आणि आपल्याला वाटतं हँग झाला. चेकडिस्क स्लॅश आर काय करतं, तर पूर्ण १ टीबी सेक्टर सेक्टर वाचत जातं आणि वर फाइल सिस्टिममध्ये बदल पण लिहितं. चांगल्या डिस्कवर ठीक. शेवटच्या घटका मोजणाऱ्या डिस्कला तेवढी मेहनत करायला लावलीत तर टॅलीचा डेटा काढायच्या आतच ती जायची. पहिलं काम डेटा, दुसरं पण डेटा, विंडोज नंतर बघू. आणि चालू होताना विंडोज स्वतःहून डिस्क तपासायला लागलं तर स्क्रीनवर सेकंद मोजत असतं तेव्हा कुठलंही बटण दाबून ते टाळा.

मिंटवाली_नाशिक
चिपळूणच्या ताई, विंडोज चालू न करताच फायली काढता येतात, घाबरू नका. दुसऱ्या कुठल्याही पीसीवर लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ फाइल डाउनलोड करा, रूफस नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा. पेन ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, त्यामुळे रिकामा घ्या. तो लावून मशीन चालू करताना बूट मेनूचं बटण दाबत राहा, बोर्डाप्रमाणे एफ८, एफ११ किंवा एफ१२ असतं, पेन ड्राइव्ह निवडा. इन्स्टॉल करू नका, नुसतं चालवायचं. म्हणजे विंडोजसाठी त्या डिस्कची ओढाताण होत नाही.

आत डिस्क्स नावाचं ॲप आहे, डिस्क निवडून वरच्या मेनूत स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, बघा. मला तीन ओळी सांगा, रीअलोकेटेड सेक्टर काउंट (राखीव जागेवर हलवलेले सेक्टर) म्हणजे नंबर ५, करंट पेंडिंग सेक्टर (वाचता न येणारे) म्हणजे १९७, आणि यूडीएमए सीआरसी एरर (केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुका) म्हणजे १९९. वर डिस्क ओके आहे असं लिहिलेलं असलं तरी तीन ओळी बघाच, पेंडिंग वाढलेले असताना सुद्धा ओके दाखवणाऱ्या डिस्क मी भरपूर बघितल्यात. १९७ शून्य असून फक्त १९९ मोठा असेल तर आनंदाची बातमी, डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल बदलायची, बास.

मग बाहेरची हार्ड डिस्क लावून कॉपी. महत्त्वाचं आधी! टॅली प्राइमचा डेटा बऱ्याचदा सी ड्राइव्हवर यूझर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा इथे असतो, प्रत्येक कंपनीचा आकड्यांच्या नावाचा फोल्डर दिसेल. मग डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, रिटर्नच्या जेसन फायली डाउनलोड्समध्येच पडलेल्या असतात सगळ्यांच्या. सिनेमे गाणी शेवटी. फास्ट स्टार्टअपमुळे लिनक्स कदाचित म्हणेल की ही डिस्क फक्त वाचता येईल, चांगलंच आहे, आपल्याला तिच्यावर काही लिहायचंच नाहीये. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर ती सोडून पुढे जा.

क्लिक_अँड_फिक्स
पटलं. मी डिस्क चांगली आहे असं धरून बोललो होतो, टिकटिक असेल तर आधी कॉपीच करा.

रिटर्नवाली_चिपळूण
केलं!! सरांच्या मुलाने मदत केली पेन ड्राइव्ह बनवायला. नंबर ५ समोर १६८, १९७ समोर ३१२, १९९ समोर ०. वर मात्र डिस्क ओके लिहिलंय, अगदी ताई म्हणाल्या तसं. टॅलीचे सगळे फोल्डर आले, एका जुन्या कंपनीच्या फोल्डरवर अडकलं पण त्या कंपनीचा मार्चचा बॅकअप आहे आणि त्यानंतर त्यात एंट्रीच नाहीत. कॉपी केलेला डेटा दुसऱ्या पीसीवरच्या टॅलीत उघडून बघितला, कालपर्यंतच्या एंट्री दिसतायत. किती बरं वाटलं सांगू. आता जुनीच डिस्क फॉरमॅट करून वापरता येईल का, की नवीन घ्यायची? आणि एसएसडी (चकती नसलेली वेगवान डिस्क) घेतली तर जुनी जशीच्या तशी क्लोन करता येते ना?

बूटसेक्टर_सांगली
१९७ समोर ३१२ म्हणजे तेवढे सेक्टर वाचता येत नाहीयेत म्हणून डिस्कने बाजूला नोंदवून ठेवलेत, पुढे निर्णय व्हायचाय. फॉरमॅट मारला की त्यातले काही राखीव जागेवर हलतात, आकडा कमी दिसतो, मशीन झकास चालतं आणि मग पुन्हा तेच. ऑफिसच्या डेटासाठी ही डिस्क संपली. दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट मारून दिला असता तर चालू झालेलं दिसलं असतं, हेच धोक्याचं.

२.५ इंची साटा एसएसडी घ्या, २४० किंवा ४८० जीबी, तुमच्या बोर्डावर आरामात चालेल. शक्य असेल तर रॅम पण ८ करून घ्या. क्लोनच्या भानगडीत पडू नका. एक तर १ टीबीवरून लहान डिस्कवर जाताना आधी पार्टिशन आक्रसून घ्यावं लागतं, तेही या आजारी डिस्कवर, आणि दुसरं म्हणजे न वाचलेल्या सेक्टरात विंडोजच्याच फायली असतील तर बिघडलेलं विंडोज नव्यावर नेणार. सरळ नवीन विंडोज टाका, टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, नाहीतर बूटचा भाग कधी कधी जुन्या डिस्कवरच जाऊन बसतो आणि ती काढली की एसएसडी चालू होत नाही.

सहावी जनरेशन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यानंतर सुरक्षा अपडेट जादा नोंदणी करून ठरावीक काळापुरतेच मिळतात. म्हणजे मशीन बदलायचं सरांच्या कानावर आत्ताच घाला, तेव्हा हीच एसएसडी आणि बाहेरची डिस्क पुढे उपयोगी पडेल.

मिंटवाली_नाशिक
डीएससीची काळजी नको, सर्टिफिकेट टोकनमध्येच असतं, नव्या विंडोजवर फक्त टोकनचा ड्रायव्हर परत टाकायचा. टॅलीचं लायसन मात्र मशीनला बांधलेलं असतं, त्यामुळे जुनं विंडोज अजून एकदा जरी चालू होत असेल तर टॅलीत जाऊन लायसन सरेंडर करून घ्या, मग नव्यावर ॲक्टिव्हेट. डेटा आता बाहेर आहे, त्यामुळे तेवढ्यासाठी जुनी डिस्क चालवायला हरकत नाही.

आणि बॅकअप रोज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर, नंतर ती डिस्क काढून कपाटात. लावलेली ठेवली तर लाइटच्या झटक्यात दोन्ही जातील.

रिटर्नवाली_चिपळूण
एसएसडी बसली, विंडोज झालं, टॅलीचं लायसन सरेंडर करून ॲक्टिव्हेट पण झालं. चहा ओतेपर्यंत डेस्कटॉप येतो आता. थ्रीबीचं काम सुरू केलंय. यूपीएसची बॅटरी पण सरांनी आजच सांगितली. जुनी डिस्क दुरुस्तीवाला भंगारात घेतो म्हणतोय, देऊ?

बूटसेक्टर_सांगली
देऊ नका. त्यात तुमच्या क्लायंटचे पॅन, बँक स्टेटमेंट सगळं अजून आहे आणि फॉरमॅट मारलं तरी बरंचसं निघतं. नाव-तारीख लिहून एक-दोन महिने कपाटात ठेवा, एखादी फाइल राहिलेली आठवली तर उपयोग होईल. मग ड्रिलने चकत्यांमधून आरपार भोकं पाडा आणि तेव्हा द्या भंगारात.

रिटर्नवाली_चिपळूण
बरं, तसंच करते. बाकीच्या दोन मशीनचे पण ५, १९७, १९९ उद्या बघून इथे टाकते.