जुन्या ग्रेडना मुदत असावी की नसावी? (अमेरिकेतला मेडिकल प्रवेश)

पाटीपेन्सिल
अमेरिकेत एमडीसाठी (तिथे हे पदवीनंतरचं डॉक्टरकीचं शिक्षण) बहुतेक कॉलेजांचे अर्ज एएमकॅस या सामाईक अर्जसेवेमार्फत जातात. तिथे शाळेत असतानाच कम्युनिटी कॉलेजात घेतलेल्या विषयापासून पुढचं सगळं नोंदवावं लागतं. नापास झालेला विषय पुन्हा घेऊन ए मिळवला तरी आधीचा एफ पुसला जात नाही, दोन्ही ग्रेड धरतात. कॉलेजने स्वतःच्या नियमाने जुनी ग्रेड माफ केली असेल, तरी एएमकॅसच्या हिशोबात ती असतेच.

आता आकडे मांडा. १२० क्रेडिट (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन), जीपीए म्हणजे ग्रेडची सरासरी (ए चे ४, एफ चा ०) २.६, म्हणजे ३१२ गुण. दहा वर्षांनी त्याच व्यक्तीने ४० क्रेडिट घेतली आणि प्रत्येक विषयात ए आणला, तर आणखी १६० गुण. ४७२ भागिले १६०, उत्तर २.९५. एकही चूक न करता तीनचा आकडासुद्धा गाठता येत नाही, आणि प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी ३.८ च्या आसपास असते.

एमकॅट या मेडिकल प्रवेश परीक्षेचे गुण बरीच कॉलेजं दोन-तीन वर्षांनंतर धरत नाहीत, कारण ज्ञान शिळं होतं. मग अठराव्या वर्षीचं अज्ञान कधीच शिळं होत नाही का? दहा वर्षांपूर्वीच्या ग्रेड मोजणीतून वगळायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे.

आकडेमोड
असहमत. हिशोब बरोबर आहे, पण कॉलेजला फक्त २.९५ दिसत नाही. एएमकॅसच्या अर्जात फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनियर, सीनियर अशा पदवीच्या चार वर्षांच्या वेगळ्या ओळी असतात, आणि पदवीनंतर घेतलेल्या विषयांची पोस्ट-बॅक ही स्वतंत्र ओळ असते. प्रत्येक ओळीत विज्ञान-गणिताचा जीपीए वेगळा, बाकी विषयांचा वेगळा, एकूण वेगळा. तुमच्या उदाहरणात पोस्ट-बॅकच्या ओळीत ४.० लिहिलेलं असेल. जुनं झाकायचं कशाला? २.६ वरून ४.० वर आलेला माणूस हीच त्या अर्जाची ताकद आहे. जुन्या ओळी काढल्या तर ती चढणही दिसणार नाही.

दुसरं म्हणजे पैसा. डीओ (एमडीसारखीच डॉक्टरकीची दुसरी पदवी) कॉलेजांच्या ॲकोमास या अर्जसेवेत २०१७ पर्यंत पुन्हा घेतलेल्या विषयाची नवी ग्रेडच धरायचे. नंतर ते बंद झालं. तशा नियमात ज्याला तेच विषय परत घ्यायची फी परवडते त्याची पाटी कोरी, आणि ज्याला परवडत नाही त्याची भरलेली. हे मला न्याय्य वाटत नाही.

पाटीपेन्सिल
ओळी कुणीतरी वाचल्या तर ना! शे-दीडशे जागांना हजारो अर्ज येतात. कित्येक ठिकाणी एकूण जीपीए आणि एमकॅट यांवर पहिली चाळण लागते. चढण दिसायला अर्ज त्या चाळणीतून पुढे जावा लागतो.

ह्यूस्टनकर
मुदतीचा नियम टेक्सासमध्ये आहेच, त्याचं नाव अकॅडेमिक फ्रेश स्टार्ट. राज्याच्या रहिवाशाने तो निवडला, तर सरकारी विद्यापीठात नाव घालण्याच्या वेळी दहा वर्षं किंवा त्याहून जुने असलेले सगळे विषय बाजूला ठेवतात. पण ‘सगळे’ म्हणजे सगळे. एफ जातो तसे ए-ही जातात, त्यांचं क्रेडिट मिळत नाही. मेडिकलच्या प्रवेशात फायदा हवा तर त्यानंतर नव्याने पदवी पूर्ण करावी लागते. म्हणजे पुन्हा १२० क्रेडिट, पूर्णवेळ चार वर्षं. आणि हे चालतं फक्त टेक्सासच्या सरकारी संस्थांपुरतं. हाच विद्यार्थी इतर राज्यांत एएमकॅसने अर्ज करेल तेव्हा जुना एफ पुन्हा हजर.

माझ्या मते २.० च्या खाली अडकलेल्याला हा रस्ता आहे. २.६ वाल्याने चार वर्षं यात घालवू नयेत.

कडुलिंब
एका चुकीबद्दल लिहितो, कारण ती फार महागात पडते. जीपीए सुधारायचा म्हणून लोक थेट मास्टर्सला जातात. एएमकॅसमध्ये मास्टर्सचा जीपीए स्वतंत्र ओळीत जातो, पदवीच्या आकड्यात मिसळत नाही. तिथे ३.९ आणलात तरी २.६ जागचा हलत नाही. पदवीचा आकडा हलवायचा असेल तर पदवीच्या पातळीचेच विषय घ्या. फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स असे वरच्या वर्गातले घ्या आणि एका सत्रात तीन-चार एकत्र घ्या. दर सत्राला एकच विषय घेऊन ए आणला, तर मेडिकलचा भार पेलेल की नाही ते कुणालाच कळत नाही.

मोडी_लिपी
आपल्याकडच्यांसाठी मुद्दा वेगळा आहे. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाच्या बीएस्सीचे मार्क एएमकॅस पडताळत नाही आणि जीपीएतही धरत नाही. त्यामुळे भारतातला सेकंड क्लास आड येत नाही, हे खरं. पण तिथला फर्स्ट क्लासही उपयोगी पडत नाही, कारण बहुतेक एमडी कॉलेजांना अमेरिकेत किंवा कॅनडात घेतलेली भरपूर क्रेडिट लागतात. पाटीपेन्सिल, तुम्ही मागताय ती कोरी पाटी या लोकांना आधीच मिळालेली आहे, आणि ती भरायला त्यांची दोन-तीन वर्षं जातात.

पाटीपेन्सिल
मान्य, पण त्यांना ती निदान भरता तरी येते. १२० क्रेडिटखाली दबलेल्याला चाळीस क्रेडिटचे ए सुद्धा पुरत नाहीत. मी नियम बदलावा म्हणतोय, आजचा नियम मोडा असं म्हणत नाही.

आकडेमोड
मग आजच्या नियमाने काय करायचं तेही इथे लिहून ठेवू. अर्ज उघडण्याआधी प्रत्येक कॉलेजची ट्रान्सस्क्रिप्ट (अधिकृत गुणपत्रिका) स्वतःसाठी मागवा, एकच उन्हाळी विषय घेतलेल्या कॉलेजचीसुद्धा. ती समोर ठेवून विषय भरा, आठवणीने भरू नका. सोडलेल्या विषयाचा डब्ल्यू जीपीएत येत नाही, पण लिहावा लागतो. काही कॉलेजांत सेमिस्टरऐवजी छोटी सत्रं, म्हणजे क्वार्टर असतात; त्यांची क्रेडिट सेमिस्टरमध्ये दोन तृतीयांश होतात, ५ ची ३.३. जुळलं नाही तर पडताळणीत अर्ज परत येतो आणि ऐन हंगामातले आठवडे जातात. चाळणीबद्दल बोलायचं तर, ज्या कॉलेजांना शेवटच्या काही सत्रांचे गुण महत्त्वाचे वाटतात ती आधी शोधून यादीत वर ठेवा.