1906 च्या नियमांनी अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली हाणामारी खरंच थांबली का?

प्रश्न: 1905 च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावलं, पुढच्याच वर्षी नियम बदलले. पण मुळात 'फ्लाइंग वेज' (पाचरीच्या आकारात धडकायचा डाव) चालायचा कसा, आणि नेमकं काय बदललं?

उत्तर 1: वेज 1892 चा, हार्वर्डने येलविरुद्ध काढलेला. तेव्हा खेळ सुरू करणारी किक मारणाऱ्याने चेंडूला पाय नुसता टेकवून तो लगेच उचलला तरी चालायचं. दोन टोळ्या मागून तिरक्या धावत येत, पाचरीसारख्या जुळत आणि सगळा जोर समोरच्या एकाच गड्यावर आदळे. 1894 मध्ये किक किमान 10 यार्ड गेलीच पाहिजे असं ठरलं, आणि तो डाव संपला. नेहमीच्या खेळातली रेटारेटी मात्र तशीच राहिली.

उत्तर 2: कारण चेंडू आपल्याकडे राखायला तीन प्रयत्नांत फक्त 5 यार्ड पुढे जावं लागे. घोळका करून रेटलं की काम झालं! 1906 मध्ये त्याचे 10 केले, दोन्ही संघांच्या समोरासमोरच्या रांगांमध्ये चेंडूच्या लांबीएवढी मोकळी जागा ठेवली (गुद्दे तिथेच चालायचे) आणि पुढे पास द्यायला परवानगी दिली. पण पास कुणालाही न लागता जमिनीवर पडला तर चेंडू थेट समोरच्यांकडे. मग कोण फेकणार?

उत्तर 3: म्हणूनच हाणामारी 1906 मध्ये थांबली म्हणता येत नाही. चेंडूवाल्याला मागून ढकलणं, हातात हात गुंफून साखळी करणं यांवर बंदी आली 1910 मध्ये. चौथा प्रयत्न तर 1912 चा.